एकच स्टोरेज, आठ खाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका सहकारी साखर कारखान्याची सर्व्हर रूम सांभाळतो. शेती, वजनकाटा, लेखा, शेअर्स, टाइम ऑफिस, स्टोअर, लॅब आणि इंजिनिअरिंग ही आठ खाती एकाच स्टोरेज बॉक्सवर, म्हणजे अनेक डिस्कच्या एका सामायिक पेटीवर काम करतात. बॉक्सवरची बरीचशी जागा विंडोज फाइल सर्व्हरकडे आहे, थोडी डेटाबेस सर्व्हरला आणि थोडी लॅबच्या लिनक्स मशीनना दिली आहे. खालचे प्रश्न आमच्या खातेप्रमुखांचे आहेत, तसेच पतसंस्थांत आणि कॉलेजांत हेच काम करणाऱ्या मित्रांचेही. तेच उत्तर दोनदा लिहायचा कंटाळा येतो, म्हणून जिथे संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आठ खात्यांना आठ छोटे बॉक्स घेऊन दिले तर भांडणच मिटेल ना?

भांडण मिटतं, काम आठपट होतं. आठ बॅकअप, आठ ठिकाणचे अपडेट, आणि त्यातला एक तरी बॉक्स टेबलाखाली पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेला सापडणार. शिवाय लॅबच्या बॉक्सवर जागा ओस पडलेली आणि शेती खात्याचा ओसंडून वाहतोय, हे ठरलेलं. त्यापेक्षा सामायिक ठेवा आणि नीट वाटा.

फक्त सीसीटीव्ही या वाटणीत घेऊ नका. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी लिहितो. ३२ कॅमेरे धरले तर रोजचे जवळजवळ १.४ टीबी होतात, महिन्याला चाळीसच्या वर. त्याला त्याचा स्वतंत्र एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर द्या.

२. ८ टीबीच्या आठ डिस्क घेतल्या. ६४ टीबी कुठे गेले?

रेड ६ ही अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत. तिच्यात दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती पुन्हा उभी करायच्या हिशेबाला जाते, म्हणून ४८ उरतात. एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते, त्याची ही किंमत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे पडद्यावर ४३.६ च्या आसपास दिसतं. कोणी चोरलेले नाहीत. वाटणी मात्र या ४३.६ मधूनच करायची, खरेदीच्या बिलावरच्या ६४ मधून नाही.

३. प्रत्येक खात्याच्या नावाचा फोल्डर केला, म्हणजे वाटणी झाली ना?

नाही. एकाच कपाटाच्या फळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या म्हणून कप्प्यांना कुलूप लागत नाही.

आमच्याकडे सुरुवातीला असंच होतं. एका सकाळी शेअर्स खात्याचा अख्खा फोल्डर गायब. सभासदांच्या नोंदी, वारसांचे अर्ज, सगळंच. तासभर धावपळ झाल्यावर तो स्टोअरच्या फोल्डरमध्ये, 'बेअरिंग' आणि 'व्ही बेल्ट' यांच्या मधोमध सापडला. कोणाचं तरी माउसचं बटण दाबलेलं राहिलं आणि हात खाली सरकला, एवढंच. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वरच्या पातळीवर सगळ्यांना सगळं लिहायची मुभा होती.

वाटणी करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटाव्या लागतात: कोण काय पाहू आणि बदलू शकतं (प्रश्न ४ ते ९), कोण किती जागा घेतं (प्रश्न १० आणि ११), आणि कोण बॉक्सचा किती वेग खातं (प्रश्न १२). लोक पहिल्यावर थांबतात. वरच्या पातळीवर खात्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवा आणि लिहायची मुभा स्वतःच्या फोल्डरच्या आत द्या. हात सरकला तरी मग काही हलत नाही.

४. परवानगी माणसाच्या नावाने द्यायची की गटाच्या?

गटाच्या. प्रत्येक खात्याला दोन गट पुरतात: 'लेखा-वाचन' आणि 'लेखा-लेखन'. माणूस बदलून गेला की एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचा, फोल्डरला हात लावायचा नाही.

नावाने परवानग्या दिल्या की काय होतं ते बघायचं असेल तर एखाद्या जुन्या फोल्डरचा सिक्युरिटी टॅब उघडा. नावांच्या जागी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतील. हे निवृत्त झालेले लोक. लॉगिन काढून टाकलं, पण फोल्डरवरची त्यांची नोंद तशीच राहिली.

हंगामी कर्मचाऱ्यांच्या लॉगिनला पहिल्याच दिवशी मुदतीची तारीख टाका. हंगाम संपल्यावर कोण उरलंय हे आठवून काढायला कोणालाच सवड नसते, मलाही नाही.

५. शेअरवर एक परवानगी आणि एनटीएफएसवर दुसरी. दोन्ही कशाला? आणि नक्की कुठली चालते?

(आमच्याकडे 'शेअर' म्हटलं की आधी सभासदाचा भाग आठवतो. इथे नेटवर्कवर उघडा केलेला फोल्डर असा अर्थ घ्या. एनटीएफएस म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, तिच्या परवानग्या खुद्द फाइल-फोल्डरवर लागतात.)

नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारं ओलांडावी लागतात, म्हणून दोन्हींतली जी कडक ती चालते. शेअरवर 'चेंज' आणि एनटीएफएसवर नुसतं 'रीड' असेल तर वाचताच येईल. पण तोच माणूस सर्व्हरसमोर बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने आत आला तर शेअरचं दार त्याच्या वाटेत येतच नाही. म्हणून खरी भिंत एनटीएफएसवर बांधा. शेअरवर लॉगिन असलेल्या सगळ्यांना 'चेंज' ठेवून मोकळे व्हा.

खातेप्रमुख 'फुल कंट्रोल' मागतात. ऐकायला मानाचं वाटतं, पण त्यात परवानग्या बदलण्याचा अधिकारही जातो. रोजच्या कामाला 'मॉडिफाय' पुरेसं आहे.

६. 'काल तुम्हाला गटात घातलं' म्हणालात, तरी ॲक्सेस डिनाइड येतंय. असं का?

संगणकातून लॉग ऑफ करून पुन्हा या. नुसता स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही. कोणकोणत्या गटांत आहात याची यादी लॉगिनच्या वेळी तयार होते आणि तीच दिवसभर वापरली जाते. टाइम ऑफिसमधला एक पीसी पंधरा-पंधरा दिवस बंदच होत नाही, तिथून हा फोन हमखास येतो.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. गटातून काढलेला माणूसही लगेच बाहेर पडत नाही. विंडोज डोमेनमधलं केर्बेरॉसचं (ओळख पटवण्याच्या पद्धतीचं) तिकीट मूळ सेटिंगनुसार १० तास चालतं. एखाद्याला तातडीने थांबवायचं असेल तर लॉगिन बंद करा आणि शिवाय फाइल सर्व्हरवर जाऊन त्याचं चालू सेशन आणि उघड्या फाइली तोडा.

७. एकाच माणसाला अडवायचंय. 'डिनाय'वर टिक केली की झालं ना?

बहुतेक वेळा होतं, आणि नेमकं नको तिथे होत नाही. 'डिनाय' नेहमी जिंकतं हा समज अर्धवट आहे. क्रम असा लागतो: फोल्डरवर थेट लावलेला नकार, मग थेट लावलेला होकार, मग वरून वारशाने आलेला नकार, शेवटी वारशाने आलेला होकार. म्हणजे वरच्या फोल्डरवर 'डिनाय' लावलं आणि आतल्या फोल्डरवर त्याला कोणी थेट 'अलाउ' देऊन ठेवलेलं असेल, तर तो खुशाल आत जातो.

दुसरी फजिती जास्त वेळा पाहिली आहे. 'एव्हरीवन'ला नकार लावतात आणि त्या 'एव्हरीवन'मध्ये स्वतःही असतात. नकार टाळा. ज्याला आत यायचं नाही त्याला गटात घालूच नका.

८. लेखाच्या फोल्डरमधली फाइल शेतीच्या फोल्डरमध्ये हलवली. शेतीवाल्यांना ती उघडतच नाही.

'कट-पेस्ट' आणि 'कॉपी-पेस्ट' यांतला हा फरक आहे. कॉपी केली की नवी फाइल जन्माला येते आणि ती नव्या घरच्या परवानग्या घेते. त्याच व्हॉल्यूमवर (डिस्कच्या त्याच भागावर) हलवली तर फाइल जागची हलत नाही, फक्त पत्ता बदलतो, आणि जुन्या परवानग्या तिच्याबरोबर येतात. उघडत नाही ही तक्रार तरी कानावर येते. उलट दिशेची गोष्ट कोणी सांगतच नाही: सगळ्यांना उघड्या असलेल्या फोल्डरमधून पगाराची फाइल टाइम ऑफिसच्या बंद फोल्डरमध्ये हलवली आणि ती आतही पूर्वीसारखीच उघडी राहिली.

खात्या-खात्यांत फाइल देताना कॉपी करा, मग मूळची काढा. हलवून बसला असाल तर फाइलवर 'वरच्या फोल्डरच्या परवानग्या घे' हे पुन्हा लावावं लागतं, मला कळवा.

९. दुसऱ्या खात्यांचे फोल्डर दिसूच नयेत, असं करता येतं का?

येतं. विंडोजमध्ये ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन नावाची सोय आहे. जे उघडायची परवानगी नाही ते यादीतच येत नाही. 'आम्हाला का देत नाही' हे फोन त्याने कमी झाले. पण तो पडदा आहे, भिंत नाही. परवानगी चुकीने दिली गेली असेल तर फोल्डर दिसणारच. आधी प्रश्न ५, मग हा.

१०. कोणाला किती जागा द्यायची हे कसं ठरवता?

मागू नका, मोजा. मागितलं की प्रत्येक जण दुप्पट सांगतो. गेल्या दोन हंगामांत प्रत्यक्ष किती वाढ झाली ते पाहतो, त्यावर निम्मी भर घालतो आणि कोटा लावतो. नरम कोटा नुसता इशारा देतो, कडक कोटा लिहायला नकार देतो. मी कडक कोटा लावतो आणि ८५ टक्क्यांना खातेप्रमुखांना मेल जाईल असं ठेवतो.

वजनकाट्याचा हिशेब मात्र वेगळा. काट्याची माहिती किरकोळ असते, हंगामाची काही जीबी. पण तिला जागा मिळाली नाही तर यार्डात ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर जाते. शिवाय ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि तो हिशेब काट्याच्या नोंदीवरून निघतो. म्हणून काट्याला नुसती कमाल मर्यादा नाही, तर राखीव जागाही दिली आहे. बाकीचे कितीही फुगले तरी तेवढी जागा रिकामी राहते. कोटा आणि राखीव जागा यांत लोक गल्लत करतात. कोटा तुमच्यापासून इतरांना वाचवतो, राखीव जागा इतरांपासून तुम्हाला.

थिन प्रोव्हिजनिंगबद्दल एवढंच सांगतो: ४३ टीबी हातात असताना कागदावर ६० वाटता येतात आणि बरेच दिवस कोणाला कळत नाही. ज्या दिवशी खरी जागा संपते त्या दिवशी दोषी खात्याचंच नाही, सगळ्यांचंच लिहिणं एकदम थांबतं. तसं वाटलंच असेल तर भरलेल्या जागेचा आकडा रोज सकाळी बघायची सवय लावा.

११. अर्ध्या फाइली डिलीट केल्या, तरी जागा तेवढीच भरलेली दिसते.

स्नॅपशॉट. म्हणजे एका क्षणीच्या फाइलींचं गोठवलेलं चित्र. कालच्या स्नॅपशॉटला ती फाइल हवी आहे, म्हणून तिचे ब्लॉक सुटत नाहीत. तो स्नॅपशॉट मुदतीने गेला की जागा मोकळी होते. घाई असेल तर रिसायकल बिनही बघा.

झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरणाऱ्यांसाठी: साधा 'कोटा' स्नॅपशॉटची जागाही खात्याच्या नावावर धरतो, 'रेफकोटा' धरत नाही. खात्यांना 'रेफकोटा' द्या. नाहीतर स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे हे ठरवणार तुम्ही आणि जागा संपली म्हणून शिव्या खाणार टाइम ऑफिस.

विंडोजला लन (बॉक्समधून कापून दिलेली कोरी डिस्क, प्रश्न १३) दिला असेल तर आणखी एक पायरी आहे. विंडोजने फाइल काढली तरी मोकळे झालेले ब्लॉक बॉक्सला कळवावे लागतात. ती सोय चालू नसेल तर विंडोज म्हणतं रिकामं आणि बॉक्स म्हणतो भरलेलं.

१२. जागा भरपूर आहे, तरी दुपारी सगळं रेंगाळतं. का?

जागा वाटली, वेग वाटला नाही म्हणून. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० सुटी कामं उरकते. आठ डिस्क म्हणजे वाचताना फार तर ८००. रेड ६ मध्ये एका सुट्या लिहिण्यामागे सहा हालचाली होतात, म्हणजे लिहिताना जेमतेम १३०. कॅशमुळे (मधल्या वेगवान मेमरीमुळे) हे रोज जाणवत नाही. इंजिनिअरिंगने ड्रॉइंगचा जुना साठा कॉपी करायला लावला की जाणवतं.

बॉक्समध्ये क्यूओएस (वेग वाटून द्यायची सोय) असेल तर प्रत्येक खात्याला कमाल मर्यादा घाला आणि डेटाबेसला मोकळं सोडा. 'मोठी कामं रात्री करा' हा सल्ला आमच्या कामाचा नाही. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो आणि पहाटे तीनला काट्यावर दुपारइतकीच गर्दी असते. मोठी हलवाहलव मी पावसाळ्यासाठी राखून ठेवतो.

१३. डेटाबेस सर्व्हरला जागा देताना काय वेगळं?

तिथे फोल्डर नाही, कोरी डिस्कच द्यायची असते: लन. आय-स्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क जोडायच्या पद्धतीत) कोणता लन कोणत्या सर्व्हरला दिसावा हे त्या सर्व्हरच्या नावावरून, म्हणजे आयक्यूएनवरून ठरतं. पण ते नाव कोणालाही आपल्या मशीनवर टाइप करता येतं. नावावर विसंबू नका. चॅप पासवर्ड (लन जोडताना तपासला जाणारा) लावा आणि स्टोरेजचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवा.

एक लन दोन सर्व्हरना दाखवायचा मोह टाळा. क्लस्टरसाठी बनलेली फाइल सिस्टम नसेल तर प्रत्येक सर्व्हरला वाटतं की डिस्क आपली एकट्याची. दोघे आपापल्या समजुतीने लिहितात आणि सगळी खिचडी होते. तिथे परवानग्या चुकलेल्या नसतात, त्यामुळे चूक शोधायलाही वेळ जातो. सामायिक फाइली हव्या असतील तर फाइल सर्व्हरवरून घ्या.

१४. लॅबचा माणूस बरोबर गटात आहे, तरी लिनक्सवरून फोल्डर उघडत नाही. विंडोजवरून उघडतो.

तो सोळापेक्षा जास्त गटांत आहे का ते बघा. एनएफएस म्हणजे लिनक्सची नेटवर्कवरून फोल्डर देण्याची पद्धत. तिची जुनी, नेहमीची ओळख पद्धत एका विनंतीबरोबर सोळाच गट पाठवते. सतरावा गट वाटेत गळतो, चूक कुठेच दिसत नाही. गटांची यादी सर्व्हरने स्वतः काढावी असं सेटिंग असतं, ते चालू करा. नाहीतर केर्बेरॉसवर जा.

याच पद्धतीत याहून मोठी मेख आहे. 'मी वापरकर्ता क्रमांक १००५' असं मशीन सांगतं आणि सर्व्हर ते खरं मानतो. ज्याच्या हातात त्या मशीनचा रूट, म्हणजे लिनक्सचा ॲडमिन आहे तो कोणीही बनू शकतो. रूट स्क्वॉश हे सेटिंग फक्त रूटला अडवतं, १००५ चं सोंग घेणाऱ्याला नाही. म्हणून केर्बेरॉसशिवायचा एनएफएस मी फक्त माझ्या ताब्यातल्या मशीनना देतो, कोणाच्या लॅपटॉपला नाही.

१५. प्रत्येक खात्याचा व्हीलॅन वेगळा केलाय. आता तर पुरे ना?

मधला राउटर सगळं इकडून तिकडे जाऊ देत असेल तर व्हीलॅन म्हणजे नुसते वेगळे रंग. खात्यांकडून फाइल सर्व्हरकडे पोर्ट ४४५ (विंडोजच्या फाइल शेअरिंगचं दार) उघडा ठेवा, बॉक्सचं ॲडमिन पान मात्र त्यांच्या नेटवर्कमधून उघडताच कामा नये. मोठ्या बॉक्समध्ये एकातच अनेक आभासी स्टोरेज करता येतात. नेटॲपच्या ऑनटॅपमध्ये त्यांना एसव्हीएम म्हणतात. प्रत्येकाचा पत्ता, लॉगिन आणि ॲडमिन वेगळा. दोन वेगळ्या संस्था एकाच बॉक्सवर असतील, उदाहरणार्थ कारखाना आणि त्याचं कॉलेज, तर ते जरूर करा. आठ खात्यांसाठी मला ते जड वाटतं.

१६. एका पीसीत रॅन्समवेअर शिरलं तर आठही खात्यांचं जाणार का?

रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. त्या पीसीवर बसलेल्या माणसाला जिथे जिथे लिहिता येतं, तेवढं जाणार. परवानग्या आवळून दिल्याचा खरा फायदा त्या दिवशी कळतो. पण २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर परवानग्या विचारत बसला नाही. एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून तो थेट मशीनमध्ये शिरला. त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ती आवृत्ती बंद करा. 'जुना स्कॅनर चालणार नाही' ही तक्रार येईल. स्कॅनर बदला.

स्नॅपशॉटवरून माघारी येता येतं, पण ॲडमिनचा पासवर्डच चोरला गेला तर स्नॅपशॉटही पुसले जातात. म्हणून एक प्रत तार काढून ठेवलेली हवी. माझी दर रविवारी कपाटात जाते.

१७. एकाची परवानगी काढली, तरी त्याला जुनी माहिती दिसतेच आहे. कशी?

प्रश्न ६ मधलं लॉग ऑफ झालं असेल तर 'प्रीव्हियस व्हर्जन्स' (विंडोजमधली जुन्या प्रती दाखवायची सोय) तपासा. स्नॅपशॉटमध्ये फाइलींसोबत त्या दिवशीच्या परवानग्याही गोठलेल्या असतात. आज दार बंद केलं तरी गेल्या मंगळवारच्या चित्रात ते उघडंच आहे, आणि ते चित्र बदलता येत नाही. फार नाजूक बाब असेल तर ते स्नॅपशॉट काढून टाका, किंवा वापरकर्त्यांना स्नॅपशॉट दाखवणंच बंद ठेवून जुनी फाइल मागणीवरून काढून द्या.

१८. एमडी साहेबांना सगळं दिसायला हवं. त्यांना ॲडमिन करू का?

नको. त्यांना सगळ्या 'वाचन' गटांत घाला. त्यांच्या पीसीवर चुकीची मेल उघडली गेली तर प्रश्न १६ आठही खात्यांत घडेल. साहेबांना मी अशाच शब्दांत सांगितलं, त्यांना पटलं.

मग पुढचा प्रश्न येतो, दबक्या आवाजात: 'तुम्हाला आमचं सगळं दिसतं का?' ठरवलं तर दिसतं. म्हणून रोजच्या कामाचं माझं लॉगिन साधं आहे, ॲडमिनचं वेगळं, आणि ॲडमिनने काय उघडलं याच्या नोंदी दुसऱ्या मशीनवर जातात, ज्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि ठराविक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. सभासदांचे आधार आणि बँक खाते क्रमांक शेती आणि लेखा खात्यांत असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. खर्चाला मंजुरी मिळवताना हा आकडा मला फार उपयोगी पडला.

१९. दोन खात्यांना मिळून एक फोल्डर हवा असेल तर?

'देवाणघेवाण' नावाचा एक फोल्डर आहे, त्यातलं सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मुदत नव्हती तेव्हा त्याचा उकिरडा झाला होता. त्यात कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिकाही होती, चार वेगवेगळ्या मसुद्यांत. कायमचं सामायिक काम असेल तर, जसं शेती आणि लेखाचं ऊस बिल, त्याला वेगळा फोल्डर, वेगळे दोन गट आणि एक मालक. दोन मालक असलेला फोल्डर म्हणजे बेवारस फोल्डर.

२०. फोल्डर एनक्रिप्ट केला आणि मराठी नावांच्या फाइली कॉपीच होईनात!

नाव लांब पडतंय. लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या नॅस (नेटवर्कवरच्या स्टोरेज) बॉक्सवर एनक्रिप्टेड फोल्डर बऱ्याचदा ईक्रिप्टएफएस पद्धतीचा असतो आणि त्यात फाइलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. वर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे हिशेबाने ४७ चिन्हं. 'ऊस तोडणी वाहतूक ठेकेदार' एवढ्यातच ६३ बाइट संपतात. पुढे करारनामा, हंगाम, गट आणि 'अंतिम दुरुस्त नवीन' जोडलं की गेलं. एनक्रिप्ट न केलेल्या लिनक्स फोल्डरवर मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं चालतात, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं कोणाला हे जाणवलेलं नसतं.

इंग्रजीत नावं द्या असं मी सांगणार नाही. हंगाम आणि गट हे फोल्डरच्या नावात घ्या, फाइलच्या नावात फक्त ठेकेदाराचं नाव ठेवा. आणि कॉपी करण्याआधी लांब नावांची यादी माझ्याकडून मागून घ्या, ती काढायला दोन मिनिटं लागतात.